गोंगाटाची तक्रार : नगरपरिषदेचे काम कोणते, पोलिसांचे कोणते?

अलीकडे आपल्या नेरसारख्या तालुक्याच्या गावात आवाजाला काळवेळ राहिलेली नाही. लग्नसराईत वरातीचा डीजे, सणासुदीला संदल आणि धुमाल, निवडणूक आली की प्रचाराच्या रिक्षा, आणि एरवी साड्यांच्या सेलपासून कीर्तन सप्ताहापर्यंत सर्व जाहिराती भोंग्यावरून. हा गोंगाट असह्य झाला म्हणजे सामान्य माणूस तीनपैकी एक गोष्ट करतो. तो खिडकी लावून घेतो, वॉर्डाच्या नगरसेवकाच्या कानावर घालतो किंवा नगरपरिषदेत अर्ज देऊन येतो. अर्ज देणारे थोडे, आणि त्या अर्जाचे पुढे काय झाले हे सांगू शकणारे त्याहून थोडे. याचे एक कारण असे, की आवाजाच्या बाबतीत कोणता अधिकार कोणाकडे आहे याची माहिती आपल्याला नसते. पोलिसांचे काम आपण पालिकेला सांगतो आणि पालिकेचे काम पोलिसांना. त्यामुळे कागद दोन कचेऱ्यांच्या मध्ये पडून राहतो. या विषयाची शक्य तेवढी सोपी माहिती स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हा विषय शहरातील बंगलेवाल्यांचा आहे असे काहींना वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. ज्याचे घर मोठे आहे तो आतल्या खोलीत जाऊन दार लावू शकतो. ज्याचे घर एका खोलीचे आहे, त्याच खोलीत आजारी आई झोपलेली आहे आणि त्याच खोलीत दहावीचा मुलगा पुस्तक उघडून बसलेला आहे, त्याला आवाजापासून पळायला जागा नसते. वस्तीतल्या मुलाला शिकायचे असेल तर पुस्तक, फी आणि दिवा यांच्याबरोबर थोडी शांतताही लागते. ती विकत मिळत नाही. ती कायद्यानेच मिळवावी लागते.

आवाज मोजतात कसा?

आवाज डेसिबल या मापात मोजतात. साधे बोलणे साधारण ६० डेसिबलचे असते. हे माप आपल्या नेहमीच्या बेरजेसारखे चालत नाही. दर १० डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते. म्हणजे ५५ चे ६५ झाले तर दहापट, ७५ झाले तर शंभरपट आणि ९५ झाले तर दहा हजारपट. कानाला ही वाढ इतकी जाणवत नाही. दर १० डेसिबलला आवाज सुमारे दुप्पट झाला असे कानाला वाटते. परंतु आतल्या नाजूक पेशींवर भार पडायचा तो पडतोच. आम्ही बँकेत काम करीत असल्यामुळे आम्हाला याची तुलना चक्रवाढ व्याजाशी करावीशी वाटते. आकडा थोडा दिसतो, पण देणे मोठे असते.

अमेरिकेतील कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेने ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला ८ तास ही मर्यादा सांगितली आहे. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करावा लागतो. या हिशेबाने १०० डेसिबलच्या आवाजात फक्त १५ मिनिटे निघतात. डीजेच्या भिंतीसमोर दोन-तीन तास नाचणाऱ्या पोरांनी, आणि त्या गाडीवर बसून रोजी कमावणाऱ्या ऑपरेटरनेही, हा हिशेब एकदा करून पाहावा.

कायदा काय सांगतो?

केंद्र सरकारने पर्यावरण संरक्षण अधिनियम, १९८६ च्या आधारे ध्वनिप्रदूषण नियमावली काढली. ती १४ फेब्रुवारी २००० पासून लागू आहे. तिच्यात चार प्रकारच्या क्षेत्रांसाठी मर्यादा दिल्या आहेत. औद्योगिक क्षेत्रात दिवसा ७५ आणि रात्री ७०, व्यापारी क्षेत्रात ६५ आणि ५५, निवासी क्षेत्रात ५५ आणि ४५, तर शांतता क्षेत्रात ५० आणि ४० डेसिबल. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६.

ध्वनिक्षेपक लावायचा तर लेखी परवानगी पाहिजे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत तो उघड्यावर वाजविता येत नाही. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज त्या क्षेत्राच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. खासगी जागेतून हद्दीबाहेर येणाऱ्या आवाजाला ही सवलत फक्त ५ डेसिबलची आहे. निवासी भागात रात्री मोटारीचा हॉर्न आणि आवाजाचे फटाके यांनाही मनाई आहे.

सणांसाठी राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ वाजेपर्यंत सूट देता येते. आपल्याकडे जिल्हाधिकारी दरवर्षी त्या दिवसांची यादी जाहीर करतात. येथे एक गैरसमज दूर करणे जरूर आहे. सूट वेळेची असते, आवाजाच्या पातळीची नसते. बारापर्यंत वाजवा याचा अर्थ बारापर्यंत कितीही मोठ्याने वाजवा असा नाही.

दवाखाना, शाळा-कॉलेज आणि न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असते हे पुष्कळांना ठाऊक आहे. परंतु ऑगस्ट २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने तसे खास जाहीर केल्याशिवाय ती जागा शांतता क्षेत्र ठरत नाही. तेव्हा दवाखान्यासमोर जुना फलक आहे म्हणून निश्चिंत राहू नये. तो भाग घोषित झाला आहे काय, हे विचारून घ्यावे.

पोलिसांचे काम

नियमावलीत ‘प्राधिकारी’ असा एक शब्द आहे. सगळी गोम त्या शब्दात आहे. प्राधिकारी म्हणजे जिल्हादंडाधिकारी, पोलीस आयुक्त किंवा पोलीस उपअधीक्षकाच्या दर्जापेक्षा कमी नसलेला, या कामासाठी नेमलेला अधिकारी. यात नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांचे नाव नाही. म्हणजे वाजत असलेला भोंगा बंद करणे, आवाज मोजणे, गुन्हा नोंदविणे, साहित्य जप्त करणे ही कामे पोलिसांची आहेत. आवाज मर्यादेपेक्षा १० डेसिबलने किंवा अधिक वाढला, अथवा रात्रीची मनाई मोडली, तर कोणीही नागरिक तक्रार करू शकतो आणि तिची दखल घेणे प्राधिकाऱ्याला भाग आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३८ प्रमाणे वाद्यांचा व इतर आवाजांचा त्रास थांबविण्याचे आदेश काढण्याचा अधिकार पोलीस अधीक्षकांना वेगळा आहेच.

शिक्षेतही बदल झाले आहेत. पूर्वी पर्यावरण कायद्याच्या कलम १५ खाली ५ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होता. १ एप्रिल २०२४ पासून त्या कलमातील कैद काढून टाकून १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंत शास्ती ठेवण्यात आली. सार्वजनिक उपद्रवाचा साधा दंड जुन्या दंडविधानात २०० रुपये होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो १,००० रुपयांपर्यंत आहे.

मग नगरपरिषदेकडे काय उरले?

इंग्लंडसारख्या देशात ही विभागणी वेगळी आहे. तेथे १९९० च्या पर्यावरण कायद्याने गोंगाटाच्या तक्रारीची चौकशी करणे हे स्थानिक कौन्सिलचेच कर्तव्य ठरविले आहे. कौन्सिलचा माणूस येतो, ऐकतो, आणि उपद्रव ठरला तर तो थांबविण्याची नोटीस देतो. आपल्याकडे तसे नाही. म्हणून नगरपरिषदेला काहीच करता येत नाही असा निष्कर्ष मात्र काढू नये. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमात सार्वजनिक उपद्रव दूर करणे हे परिषदेच्या कर्तव्यांत आहे, आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत पर्यावरणाचे संरक्षण हा नगरपालिकांचा विषय आहे. थोडक्यात सांगायचे तर पोलिसांचे काम आवाज सुरू झाल्यावर लागते, नगरपरिषदेचे काम आवाज सुरू होण्यापूर्वी असते. ते असे :

१) रस्त्यावर किंवा पालिकेच्या जागेवर मंडप घालण्याची परवानगी पालिका देते. त्या परवानगीतच जागा, दिवस, वेळ आणि आवाजाची अट लिहिता येते. अट मोडणाऱ्या मंडळाचा पुढल्या वर्षीचा अर्ज पाहताना ती नोंद समोर ठेवता येते.

२) पालिकेचे सभागृह, मैदान किंवा समाजमंदिर भाड्याने देताना रात्री १० ची अट पावतीवर छापता येते.

३) शांतता क्षेत्रासाठी दवाखान्यांची व शाळांची यादी करून शासनाकडे प्रस्ताव पाठविण्याचा ठराव सभेत घेता येतो. घोषित झालेल्या जागी फलक लावता येतात.

४) वस्तीतील गिरणी, वेल्डिंगचे दुकान किंवा तसाच एखादा धंदा त्रासदायक झाला तर चौकशी करून नोटीस देता येते. कारखान्याच्या आवाजाचा प्रश्न असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अमरावती येथील कार्यालयाकडे लिहिता येते.

५) पालिकेला स्वतःचा आवाज आवरता येतो. कचऱ्याच्या घंटागाडीवर गाणे लागते ते कोठे किती मोठे असावे, हे ठरवायला कोणाच्याही परवानगीची गरज नाही. स्वतःचा भोंगा लहान करणाऱ्या कचेरीचे म्हणणे लोक लवकर ऐकतात.

नगरपरिषदेकडे पैसा नाही, माणसे नाहीत, हे उत्तर नेहमीचे आहे. मध्य प्रदेशातील रतलाम नगरपालिकेने गटारांच्या बाबतीत असेच सांगितले होते. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले नाही, आणि उपद्रव दूर करण्याचे कर्तव्य पैशाअभावी टाळता येत नाही असे ठरविले. तो खटला ज्या कलमाखाली चालला, त्याच अधिकारात आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. रोजच्या रोज होणाऱ्या उपद्रवाला हा मार्ग चांगला आहे.

न्यायालयांची भूमिका

३ जानेवारी १९९८ च्या वर्तमानपत्रांत एक बातमी आली होती. एका १३ वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाला. तिने मदतीसाठी मारलेल्या हाका शेजारच्या ध्वनिक्षेपकावरील संगीतात कोणालाही ऐकू गेल्या नाहीत. त्याच संध्याकाळी त्या मुलीने स्वतःला जाळून घेतले. ही बातमी वाचून अनिल मित्तल नावाच्या अभियंत्याने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. त्यावर १८ जुलै २००५ रोजी सरन्यायाधीश लाहोटी आणि न्यायमूर्ती अशोक भान यांनी निकाल दिला. आज आपण ज्या मर्यादा सांगतो त्यांना खरे बळ या निकालाने मिळाले. आवाज हा केवळ झोपमोडीचा प्रश्न आहे असे म्हणणाऱ्यांनी ही घटना ध्यानात ठेवावी.

त्याआधी ३० ऑगस्ट २००० रोजी चेन्नईच्या एका प्रार्थनास्थळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते, की दुसऱ्यांची शांतता मोडून ध्वनिक्षेपकावर किंवा ढोल वाजवून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही. घटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने दिलेले धर्मस्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने घडविलेल्या घटनेत हे शब्द आहेत, हे आपण तरी विसरता कामा नये.

महाराष्ट्रापुरते सांगायचे तर ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये सविस्तर निकाल दिला. तक्रार घेण्याची सोय करावी, तक्रारदाराचे नाव उघड करू नये, रहदारीला अडथळा होईल अशा मंडपांना परवानगी देऊ नये, असे त्यात आहे. पुढे जानेवारी २०२५ मध्ये मुंबईच्या कुर्ला भागातील रहिवाशांच्या याचिकेवर त्याच न्यायालयाने पोलिसांना कारवाईचा क्रम घालून दिला. पहिल्या वेळी समज, दुसऱ्या वेळी दंड, आणि तरीही ऐकले नाही तर साहित्याची जप्ती व परवानगी रद्द. तक्रारदाराची ओळख पटवून घेण्याची गरज नाही हेही पुन्हा बजावले.

तक्रार कशी करावी?

आवाज सुरू असताना अर्ज लिहीत बसू नये. ११२ क्रमांकावर किंवा पोलीस ठाण्यात फोन करावा. जागा, वेळ आणि आवाजाचा प्रकार एवढेच सांगावे. फोन किती वाजता केला ते लिहून ठेवावे.

दुसऱ्या दिवशी ठाणेदारांच्या नावे लेखी अर्ज द्यावा आणि त्याची प्रत मुख्याधिकाऱ्यांना द्यावी. त्या प्रतीत एकच गोष्ट विचारावी : या मंडपाला परवानगी होती काय, आणि कोणत्या अटींवर? अर्जात तारीख, सुरू झाल्याची व थांबल्याची वेळ, आपल्या घरापासूनचे अंतर आणि झालेला त्रास लिहावा. ‘भयंकर’, ‘राक्षसी’ असे शब्द घालू नयेत, आणि वाजविणाऱ्यांची जात किंवा धर्म तर मुळीच लिहू नये. मोबाइलवरचा डेसिबलचा आकडा अंदाज म्हणून ठीक आहे. अधिकृत मोजणी पोलिसांच्या यंत्रावर होते.

सर्वांत महत्त्वाचे, दोन प्रती न्याव्यात आणि एकीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्यावा. बँकेत शिक्का मारलेली स्लीप हाती नसेल तर पैसे भरल्याचे सांगून उपयोग नसतो. कचेरीतही तसेच आहे. शिक्का नसलेला अर्ज हा अर्ज नव्हे, ती नुसती गोष्ट. १५ दिवसांत काही कळले नाही तर उपविभागीय पोलीस अधिकारी व जिल्हाधिकारी यांना त्या आवक क्रमांकाचा उल्लेख करून लिहावे. तरीही शांतता असेल तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली १० रुपयांचे शुल्क भरून अर्जावर काय कारवाई झाली ते विचारावे. ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. या एका अर्जाने पुष्कळदा फाईल हलते.

खरी अडचण

हे सर्व वाचून कोणी म्हणेल, कायदा ठीक आहे, पण आपल्या गावात तक्रार करायची कोणी? हा प्रश्न खरा आहे. मोठ्या शहरात शेजारी कोण हे माहीत नसते. नेरसारख्या गावात आवाज कोणाचा हेही सर्वांना माहीत असते आणि तक्रार कोणाची हेही संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर पोहोचते. मग तक्रार आवाजाची राहत नाही. ती या समाजाने त्या समाजाविरुद्ध केलेली होते. ‘त्यांचे चालते, मग आमचेच का नाही?’ हा सवाल पुढे येतो. अंमलबजावणी करणारा अधिकारीही एकाला थांबवून दुसऱ्याला सोडत असेल तर हा सवाल चुकीचा म्हणता येत नाही. नियम सर्वांना एक नसेल तर तो नियम राहत नाही, तो दुबळ्यावरचा वचक होतो. आपल्या समाजाने हा अनुभव पुष्कळ घेतला आहे.

यावर नांदेड जिल्ह्यातील बारड या गावाने एक मार्ग दाखविला आहे. मुदखेड तालुक्यातील हे गाव मोठे आहे. तेथे देवळे आहेत, मशीद आहे, बुद्धविहार आहे आणि जैन मंदिरही आहे. २०१८ मध्ये ग्रामसभेने सर्वच धर्मस्थळांवरील भोंगे उतरविण्याचा ठराव केला आणि तो पाळला गेला. ठराव सर्वांसाठी एकच होता, आणि सर्वांच्या समोर झाला, म्हणून कोणाला एकट्याला हरल्यासारखे वाटले नाही. जे ग्रामसभेला जमले ते नगरपरिषदेच्या सभेला जमू नये असे काही नाही. सणांपूर्वी पोलीस शांतता समितीची बैठक घेतात. त्या बैठकीत मुख्याधिकारी, नगरसेवक आणि सर्व मंडळांचे अध्यक्ष एकत्र बसतात. तेथे एकच नियम, एकच वेळ आणि एकच अट सर्वांनी लिहून दिली तर निम्म्या तक्रारी उद्भवणारच नाहीत.

आपल्यापासून सुरुवात

आम्हाला येथे थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे. १४ एप्रिलची मिरवणूक हा आपल्या आनंदाचा दिवस आहे, आणि तो आनंद दबून साजरा करावा असे आम्ही म्हणत नाही. ज्यांना शतकानुशतके रस्त्याने ताठ मानेने चालू दिले नाही, त्यांनी वाजतगाजत रस्त्याने जाणे याला अर्थ आहे. पण एप्रिल हा परीक्षांचाही महिना आहे, आणि डीजेच्या भिंतीमागे ज्या घरांच्या खिडक्या थरथरतात ती बहुतेक आपलीच घरे असतात. लेझीम, बँड, गायनपार्टी यांनी मिरवणूक लहान होत नाही.

म्हणून आमची सूचना अशी आहे. पुढील जयंतीपूर्वी आपल्या मंडळांनी नगरपरिषदेला आणि पोलीस ठाण्याला स्वतःहून लेखी द्यावे, की आमचा आवाज मर्यादेत राहील, दवाखान्यासमोर वाद्ये थांबतील आणि ठरलेल्या वेळेला मिरवणूक संपेल. त्या पत्रावर आवक क्रमांक घ्यावा आणि ते पत्र जपून ठेवावे. त्यानंतर वर्षभर कोणाच्याही भोंग्याबद्दल तक्रार करण्यास आपल्याला संकोच वाटणार नाही, आणि ‘तुमचे काय?’ असे विचारणाऱ्याला दाखवायला हातात कागद असेल. आपल्या मुलांच्या अभ्यासासाठी आणि घरातल्या आजारी माणसांसाठी एवढे आपण निश्चित करू शकतो. वाचकांनी यावर आपापल्या वस्तीत चर्चा करावी, अशी विनंती करून आम्ही हा लेख संपवितो.